इंजिन बंद, मीटर बंद

बारा इंची बकेट भरायला अक्कल लागत नाही. दाते रोवले, लिव्हर ओढला, भरली. रिकामी करणं हे खरं काम. पूर्णेकाठच्या मातीत, पावसाळा सरत आला की, तेवढंच काम उरतं. बूम उचलला, चराच्या बाजूला फिरवला, बकेट पुरती उलटी केली, तरी माती आतच. एक झटका दिला की तोंडाजवळचं ढेकूळ सुटून पडतं; मागचं अर्धं बकेटच्या पाठीला धरून बसतं. पुढच्या खेपेला जागा निम्मी. चार-सहा खेपांनी आतली माती इतकी दाबून बसते की बकेट खाली जाते, वर येते आणि आणते पसाभर.

ही माती चिकटू न द्यायचे उपाय मला ठाऊक आहेत. थोडेथोडके नाहीत, आठ-दहा तरी सांगता येतील. त्यातले बरेचसे फुकटचे आहेत. मग मी ते नेहमी का करत नाही? आणि ज्या दिवशी करतो त्या दिवशी ते मला कसे काय आठवतात? या दोन प्रश्नांना मी बरेच दिवस बगल देत आलो. बाहेरचं कुणी विचारत नाही. शेतकऱ्याला बकेटच्या आतलं कळत नाही, ठेकेदाराला मीटर आणि फुटांशी मतलब, आणि हेल्पर मला ‘भाऊ’ म्हणतो. तो कशाला विचारेल? तेव्हा विचारणारा मीच आणि उत्तर द्यायचं तेही मीच.

माझा एक बॅकहो आहे. गावोगावी त्याला जेसीबीच म्हणतात, मीही तेच म्हणतो. चालवतो मी स्वतः, सोबत एक हेल्पर. काम बहुतेक खारपाणपट्ट्यातलं. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना हा पट्टा पसरला आहे. जमिनीखालचं पाणी खारं, म्हणून पिण्याचं पाणी लांबून नळाने आणावं लागतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणाचं पाणी कितीतरी खेड्यांना असंच येतं. १५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशन जाहीर झालं आणि घरोघरी नळ द्यायचं ठरलं, तेव्हापासून आमच्यासारख्यांना चरांची कामं भरपूर मिळाली. योगायोग असा की, ज्या मातीखाली गोडं पाणी मिळत नाही, तीच माती गोड्या पाण्याचा पाइप टाकताना सगळ्यांत जास्त छळते.

ही नुसती काळी माती नव्हे. बेसॉल्ट झिजून झालेला गाळ पूर्णेने आणि तिला मिळणाऱ्या नद्यांनी इथे आणून साठवला; कित्येक शेतांत दोन पुरुष खोल गेलं तरी मुरूम लागत नाही. तिच्यातली चिकणमाती स्मेक्टाइट जातीची, पापुद्र्यापापुद्र्यांची. पापुद्र्यांत पाणी शिरलं की ती फुगते, उतरलं की आक्रसते. म्हणूनच उन्हाळ्यात हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात माणूस शेतातून चालला की पायाला दोन-दोन किलो माती घेऊन बाहेर येतो. त्यात इथे सोडियमची भर. सोडियमने मातीचे कण एकमेकांना सोडतात, पाण्यात विरतात आणि मग लोखंडाला धरतात. खोलवर हे सोडियम आणखी वाढत जातं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातली मंडळी अशा जमिनींना जिप्सम टाकायला सांगतात ते याचसाठी. पण ते झालं शेतापुरतं. चराच्या तळाला जिप्सम कोण टाकणार?

अॅटरबर्ग नावाच्या एका स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १९११ च्या सुमारास ओल्या चिकणमातीच्या अवस्थांच्या सीमा ठरवल्या. किती पाणी असताना ती वाहते, किती असताना वळते, किती असताना तिचे तुकडे पडतात. त्यातली एक सीमा चिकटण्याची होती: माती लोखंडी पात्याला धरणं कुठल्या ओलीला सोडते, ती. पुढे इमारती आणि रस्ते बांधणाऱ्या अभियंत्यांनी त्याच्या बाकीच्या सीमा उचलल्या, ही मात्र मागे पडली. आज कुठल्याही कामाच्या माती परीक्षणाच्या अहवालात वाहण्याची आणि वळण्याची सीमा छापलेली सापडते. मला जो आकडा हवा तो नसतो. राग येत नाही. अहवाल माझ्यासाठी काढलेलाच नसतो.

आकड्याची जागा अंदाज घेतो. अगदी कोरडी माती चिकटत नाही, फोडावी लागते. पार रबडी झालेली माती चिकटत नाही, ओघळून जाते. मधली ओल वाईट. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वरच्या फूटभर थराला छान वाफसा आलेला असतो आणि खालच्या दोन फुटांत ती मधली ओल दडून असते. त्यामुळे पहिली बकेट खडखडीत रिकामी होते, माणूस खूश होतो, आणि दुसरी-तिसरी बकेट भरलेली वर येते आणि भरलेलीच परत खाली जाते.

अरुंद बकेटचा दोष तिच्या मापातच आहे. दोन फुटी बकेट अर्धी करून एक फुटी केली तर आत मावणारी माती निम्मी, पाठीचा पत्राही निम्मा. बाजूचे दोन पत्रे मात्र तेवढ्याच आकाराचे राहतात. मातीला खाली ओढतं तिचं वजन, ते अर्धं झालं. तिला धरून ठेवतात पत्रे, ते काही अर्धे होत नाहीत. शिवाय मागे हवा शिरायला वाट नसते. ढेकूळ सुटायला लागलं की त्याच्या पाठीमागे पोकळी होते आणि बाहेरची हवाच त्याला आत दाबून ठेवते. चांगल्या ट्रेंचिंग बकेटचं तोंड पाठीपेक्षा थोडं रुंद असतं, म्हणजे ढेकूळ तसूभर सरकलं की बाजूंपासून सुटतं. दाते आणि बाजूची पाती बकेटच्या अंगापेक्षा जरा बाहेर असावी लागतात, म्हणजे चराच्या भिंतीला पत्रा घासत नाही. पाती झिजली की हा फायदा गेला. बकेट बाहेरूनही लिंपली जाते. झिजलेली पाती बदलायला फार पैसे लागत नाहीत. तरी ‘एवढं काम उरकू, मग बदलू’ असं म्हणत आपण ती किती काळ वापरतो, हे ज्याचं त्याला माहीत.

आता उपाय. पाठीच्या पत्र्याला वेल्डरकडून दोन-तीन भोकं पाडून घ्यायची, म्हणजे हवा शिरते. बकेटच्या आत साखळीचा एक तुकडा दोन टोकांना पकडून सैल सोडायचा. बकेट उलटी झाली की साखळी लोंबते आणि मातीला पाठीपासून सोडवते. परदेशात ढकलपट्टीची बकेट मिळते, तिच्यात एक पट्टी जागच्या जागी राहते आणि बकेट उघडली की माती बाहेर लोटते. आमच्या भागात ती दिसत नाही. किंमत आहे आणि जोडात खडा अडकला की डोकेदुखी आहे. घट्ट, गुळगुळीत प्लास्टिकचं अस्तर डंपरच्या हौद्यात लावतात तसं बकेटमध्येही बसवता येतं, पण दगड लागला की त्याचे बोल्ट उखडतात. आणि बिनखर्चाचा, सगळ्यांत दुर्लक्षित उपाय म्हणजे संध्याकाळी बकेट खरवडून, पुसून ठेवायची. गंजलेल्या, पोपडे धरलेल्या पत्र्याला माती धरते. रोजच्या कामाने चकचकीत झालेल्या पत्र्यावरून सरकते. रात्रभर आत राहिलेली माती सकाळपर्यंत दगड होते आणि मग नवी माती लोखंडाला नाही, जुन्या मातीला चिकटते. तिला कुठलाच उपाय लागू पडत नाही.

हे सगळं लोखंडाचं झालं. लोखंड सोडून जे उपाय आहेत, तिथे मन अडखळतं.

जुनं ऑइल आतून फासलं की माती सुटते. वडीच्या ताटाला तूप लावावं तसं. दहा-बारा खेपा बरं चालतं, मग परत फासायचं. पण ते ऑइल जातं कुठे? प्रत्येक ढेकळाबरोबर थोडं थोडं चराच्या कडेला, तिथून परत चरात, तिथून तुरीच्या मुळांत. डिझेलचंही तेच. एका शेतात सबंध चराला मिळून जेमतेम अर्धा डबा लागेल, एवढ्याने काय होतं, असं म्हणणं सोपं आहे, आणि कदाचित काही होतही नसेल. पण ते शेत ज्याचं आहे त्याला मी आधी विचारत नाही, यावरूनच त्याचं उत्तर काय येईल हे मला कळतं. आणि चर नळाच्या पाण्याचा असेल तर त्यात ऑइलची माती परत लोटणं मला पटत नाही. इथे मी स्वतःशी फार वाद घालत नाही, ऑइल नको.

पाण्याचा वाद मात्र मोठा आहे. बकेट ओली ठेवली की पत्रा आणि माती यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो आणि माती सरकते. पाण्याचं पिंप जवळ ठेवायचं, दर दोन-तीन खेपांना डबाभर पाणी आत भिरकावायचं, किंवा पाणी साठलेल्या खड्ड्यात बकेट बुचकळून घ्यायची. थोडा साबण असेल तर आणखी बरं. पण खारपाणपट्ट्यात हे पिंप कशाने भरायचं? विहिरीच्या खाऱ्या पाण्याने पत्र्यावर गंज चढतो, आणि गंजाला माती धरते. म्हणजे आजचा उपाय उद्याचं दुखणं. गोडं पाणी असतं ते टँकरचं, किंवा आठवड्यातून एखाद-दोनदा येणाऱ्या नळाचं. बायका गुंड भरून ठेवतात ते. ज्या गावात नळ यावा म्हणून चर खोदायचा, त्याच गावचं पिण्याचं पाणी बकेट धुवायला मागायचं. गावकरी नाही म्हणत नाहीत, उलट हौसेने देतात. काम लवकर व्हावं असं त्यांनाही वाटतं. देणाऱ्याने आनंदाने दिलं म्हणून घेणाऱ्याचा प्रश्न मिटतो का, हे मला अजून नीट सांगता येत नाही. मी आता धरणाच्या कालव्यावरून किंवा नाल्यातल्या डबक्यातून पिंप भरून नेतो, जिथे ते मिळतं तिथे. मिळत नाही तिथे कोरड्यावर भागवतो: वरच्या थरातली भुसभुशीत माती बाजूला वेगळी ठेवायची आणि बकेट चिकटू लागली की त्या ढिगात दोन-तीनदा घोळवून घ्यायची. कोरडी माती आतली ओली माती खरवडून काढते आणि पत्र्यावर धुरळा धरतो. हे काम पाण्याइतकं चांगलं नाही, पण कुणाच्या गुंडातलं काही जात नाही.

आपटणं हा सगळ्यांचा लाडका उपाय. बकेट बाजूच्या ढिगावर, दगडावर, रस्त्याच्या कडेवर आपटायची, किंवा लिव्हर मागेपुढे इतक्या जोरात मारायचा की बकेट शेवटपर्यंत जाऊन थडाथड वाजते. माती पडते. पिन-बुशही ढिले होतात, पाइपांचे जोड पाझरायला लागतात, पण ते माझं मशीन, माझा खर्च. माझ्यापुरता हा हिशेब सरळ आहे. मला खटकतं ते दुसरंच: आपटणं लोकांना फार आवडतं. बांधावर उभे असलेले चार जण म्हणतात, ऑपरेटर दणक्यात काम करतो. याचं मला बरं वाटतं, हेही लिहून ठेवतो.

यावरून खऱ्या मुद्द्यावर येतो. मातीशी लढायचा सगळ्यांत गुणाचा उपाय कुठल्या दुकानात मिळत नाही, तो हातात असतो. बकेट भरगच्च भरायची नाही. चार-पाच इंचांचा पातळ काप लांबवर ओढायचा, बकेट आत वळवताना माती पाठीशी दाबायची नाही, अर्धी-पाऊण भरली की उचलायची आणि थांबू न देता लगेच टाकायची. जितका वेळ माती आत दाबून राहते तितकी ती घट्ट धरते. अशा अर्ध्या बकेटा भराभर पडतात आणि सबंध दिवसाचा चर भरलेल्या बकेटांपेक्षा लांब होतो. हे मला नीट येतं. ज्या कामाला मीटरवर, म्हणजे खोदलेल्या लांबीवर पैसे असतात, तिथे माझे हात आपोआप असेच चालतात. संध्याकाळी बकेट पुसली जाते, पाती वेळेवर बदलली जातात, कोरडी माती बाजूला ठेवल्याचं लक्षात राहतं. कारण चिकटलेल्या मातीचा तोटा माझा असतो.

तासावरच्या कामाला हेच हात वेगळे होतात. मुद्दाम नाही. मी कधी ठरवून माती चिकटू दिलेली नाही, इतकं मी शपथेवर सांगू शकतो. पण ठरवून केलं नाही म्हणजे झालंच नाही, असं नसतं. तासावर काम असलं की काप जाड होतो, बकेट भरगच्च येते, अर्धी चिकटते, मग झटके, मग आपटणं, मग थांबून साफ करणं, आणि तासांचा मीटर फिरत राहतो. चिकटलेल्या मातीचा तोटा इथे शेतकऱ्याचा असतो. अंगातलं कसब तेच, माती तीच, बकेट तीच. फरक फक्त पैसे कोण भरतो याचा. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो.

बचाव तयार असतो, आणि तो खोटाही नसतो. शेतकरी बांधावर उभा राहून बकेटकडे बघतो. पातळ कापाने अर्धी बकेट वर आली की तो म्हणतो, ‘भाऊ, बकेट तं अर्धीच भरून राह्यली!’ त्याला वाटतं मी तास वाढवतोय. भरगच्च बकेट वर आली की त्याचं समाधान होतं, मग ती अर्धी परत खाली का जाईना. नीट काम कामचुकारपणासारखं दिसतं आणि चिखलाशी चाललेली झटापट मेहनतीसारखी दिसते. त्याच्या डोळ्यांना जे बरं वाटतं ते करणं ग्राहकाचं ऐकणं झालं, असं मी म्हणू शकतो. म्हणतोही. पण त्याला दोन वाक्यांत समजावून सांगता येतं, काका, असं केलं तर तास कमी लागतील, आणि मीटरवरच्या कामात ठेकेदाराच्या मुकादमाला मी ते लगेच समजावतो. तिथे माझी जीभ चालते. तासाच्या कामात ती का चालत नाही?

वाट बघणं हाही एक उपाय, आणि तो फुकटचा. आठ-दहा दिवस ऊन खाऊ दिलं तर खालचा थरही बराच सुटा होतो. पण मशीनचा हप्ता थांबत नाही, ठेकेदाराची मुदत थांबत नाही, आणि ज्या गावाला पाणी यायचं आहे ते तर कित्येक वर्षं थांबलेलंच असतं. इथे कोण बरोबर, हे मला ठरवता येत नाही. मी बहुधा हप्त्याच्या बाजूने कौल देतो.

मोठी बकेट लावणं हा सगळ्यांत सोपा पळ. दोन फुटी बकेटमध्ये माती इतकी धरत नाही. चर एक फुटाऐवजी दोन फूट रुंद होतो, एवढंच. शेतात ते एवढंच नसतं. दुप्पट माती वर येते, वरची आणि खालची मिसळते, आणि खालची इथे सोडियमने भरलेली असते. ती वर राहिली की त्या पट्ट्यात पुढची काही वर्षं पीक खुरटतं. शेतकऱ्याला कारण कळतही नाही, तो बियाण्याला दोष देतो. दोन ढीग वेगळे ठेवून, खालची माती खाली आणि वरची वर असं लोटलं तर हे टळतं. त्याला वेळ लागतो. चिकट ढेकळं तशीच चरात लोटली की त्यांच्यामध्ये पोकळ्या राहतात; पहिल्या मोठ्या पावसात पाणी त्यांतून वाट काढतं आणि ही विरघळणारी माती वाहून जाऊन शेतातून घळ पडते. पूर्णेच्या काठाला अशा घळी पडलेल्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यात माझ्या चराने एकीची भर घालावी, असं मला वाटत नाही. ढेकळं फोडून, थराथराने दाबून चर बुजवणं हा चिकट मातीचाच दुसरा अर्धा भाग आहे, पण बकेटमधून माती पडली की आपलं काम संपलं असं वाटण्याची सवय फार जुनी आहे.

सगळ्यात शेवटी हेल्पर. खरं तर त्याच्यापासूनच सुरुवात करायला हवी होती.

एवढं सगळं करूनही माती राहतेच. मग ती हाताने काढायची. हेल्पर फावडं किंवा पहार घेऊन येतो, मी बकेट त्याच्या छातीच्या उंचीला आणून धरतो, आणि तो आत वाकून खरवडतो. इंजिन सुरू असतं. माझा हात लिव्हरपाशी असतो. सगळीकडे असंच चालतं. बकेटचं लोखंड आणि आतली माती मिळून माणसाच्या वजनापेक्षा खूप जास्त भरते, आणि ते वजन हवेत तोलून धरलेलं असतं ते तेलाच्या दाबाने. पाइप फुटला, माझ्या बाहीची कड लिव्हरला अडकली, मागून कुणी हाक मारली आणि मी वळलो, तर त्याला बाजूला व्हायला वेळ नाही. बरोबर पद्धत अगदी लहान आहे: बकेट जमिनीला टेकवायची, इंजिन बंद करायचं, लिव्हर हलवून उरलेला दाब सोडायचा, खाली उतरायचं, मग साफ करायची. दोन-तीन मिनिटं जास्त लागतात.

ती दोन-तीन मिनिटं कुणीच विकत घेत नाही. तासाचा मीटर इंजिनावर फिरतो. इंजिन बंद केलं की मीटर बंद, म्हणजे सुरक्षित साफसफाई माझ्या पदरची; इंजिन सुरू ठेवून केलेली धोक्याची साफसफाई मात्र शेतकऱ्याच्या बिलात जाते. लांबीवर काम असलं तर सुरू-बंदचा फरक नाही, पण प्रत्येक मिनिटाने दिवसाची लांबी कमी होते. कुठल्याही दराने बघा, नीट करण्याचे पैसे कुणाच्याच खात्यात नाहीत. आणि पैसे नाहीत म्हणून मी बकेट हवेत धरतो, आणि हेल्परला म्हणतो, ‘बघ रे, सांभाळून.’ सांभाळून हा शब्द उच्चारला की माझी जबाबदारी संपते आणि त्याची सुरू होते, असा एक अलिखित करार आहे. त्याने त्यावर कधी सही केलेली नाही.

चराच्या आतलं आणखी वेगळं. नळाच्या पाइपवर साधारण मीटरभर माती यावी लागते, तेवढा चर आमचा नेहमीचा. ऑप्टिकल फायबरचा चर जातो साधारण १.६५ मीटर. खोदकामाच्या सुरक्षेसाठी भारतीय मानक ३७६४ आहे. दीड मीटरहून खोल चराला आधार द्यावा किंवा बाजू उतरत्या कराव्यात असं त्यात आहे. बांधकाम कामगारांसाठी कायदाही आहे. कागद आहेत. पण १२ इंची बकेट वापरायची तीच मुळी बाजू उभ्या ठेवायला आणि माती कमी काढायला. उतरती बाजू आणि अरुंद चर एकत्र नांदत नाहीत. त्यातून चिकट माती फसवते. ओली असताना भिंत सरळ, गुळगुळीत, कातल्यासारखी उभी राहते, माणसाला वाटतं ही कशाला पडते? दुपारच्या उन्हाने वरची कड सुकते, भेग पडते, आणि जी माती बकेटमधून सुटत नव्हती ती भिंतीवरून अख्खी सुटते. एक घनमीटर माती दीड-दोन टन भरते. चराच्या तळाशी बकेटमधून पडलेला गोळा काढायला, किंवा पाइपाखालची जागा सारखी करायला कुणी उतरतं, तेव्हा मी केबिनमध्ये बसून पुढच्या दहा फुटांचा विचार करत असतो.

आमच्याकडे अजून काही झालेलं नाही. हे वाक्य लिहून मी जरा थांबलो. ‘झालेलं नाही’ याचा उपयोग मी आजवर पुरावा म्हणून केला आहे. तो पुरावा नाही, नशीब आहे, आणि ते माझं नाही, हेल्परचं आहे.

मी आता काय करतो ते सांगतो, त्यात मोठेपणा काही नाही. बकेटच्या पाठीला भोकं पाडून घेतली आहेत, साखळी बसवली आहे. साफसफाई खाली टेकवून आणि इंजिन बंद करून, हे जमवतो आहे. घाईच्या दिवशी जमत नाही, आणि घाईचा दिवस नेहमी तोच असतो ज्या दिवशी माती सगळ्यांत चिकट असते. साखळी आणि भोकांचा खरा फायदा चर लांब होण्यात नाही, हेल्परला आत वाकावं लागण्याच्या खेपा कमी होण्यात आहे, हे मला उशिरा सुचलं. वेल्डरचे पैसे मी मशीनच्या खर्चात मांडले होते.

दिवाळीनंतरच्या कामांचे दर ठरवायचे आहेत. कागदावर दोन रकाने आखून बसलो. पहिल्यात तासाचा दर थोडा वाढवायचा आणि इंजिन बंद असतानाचा वेळ त्यात आधीच धरायचा. शेतकरी म्हणेल पलीकडचा स्वस्तात करतो, आणि पलीकडचा खरंच करतो. दुसऱ्यात फुटावर दर, चिकट जमिनीला वेगळा. मग शेतात आधी पहार रोवून दोन फूट खालची ओल बघावी लागेल आणि शेतकऱ्यासमोर बघावी लागेल, म्हणजे नंतर कुरबूर नको. दोन्ही रकान्यांत डिझेल, हप्ता, पिन-बुश, पाती, सगळं मांडून झालं. मी दुसऱ्याकडे झुकतो आहे, कारण फुटावर माझे हात नीट चालतात हे मला माहीत आहे, आणि स्वतःला सुधारण्यापेक्षा दर बदलणं सोपं आहे. हेल्परचा रोज मात्र दोन्हीकडे तोच, गेल्या वर्षीचा. तो कुठल्या रकान्यात वाढवायचा ते अजून ठरत नाही.